सेन्सर बदलण्याची घाई आणि गॅरेजवाल्याची रोजी

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळसा आणि चुना या दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. खाणीमुळे पुष्कळ लोक त्याला राजूर कॉलरी म्हणूनच ओळखतात आणि चुन्याच्या भट्ट्यांमुळे इथला चुना दूरवर जातो. कोळसा मोठ्या ट्रकांतून आणि रेल्वेने जातो. पण बाकी सारा लहानसहान माल, म्हणजे चुन्याच्या गोण्या, कापूस, किराणा, भाजीपाला, लोखंड-सिमेंट, लग्नाच्या मंडपाचे सामान, हा सगळा पिकअप गाडीवरच चालतो. एका पिकअपवर मालक, ड्रायव्हर आणि हमाल अशी दोन-तीन घरे जगतात. ती गाडी ज्या गॅरेजात दुरुस्त होते तिथे आणखी दोन-तीन घरांची चूल पेटते.

या दोन्ही घरांच्या रोजीवर गेल्या काही वर्षांत एक नवे संकट आले आहे. गाडी बंद पडते, बोनेट उघडले जाते, पण बिघाड डोळ्यांना दिसत नाही आणि कानाला ऐकू येत नाही. मग सुरू होतो तो ‘हा पार्ट बदलून बघू’ असा प्रकार. आधी एक सेन्सर, मग दुसरा, मग बॅटरी, मग वायरिंग. तीन दिवस गाडी उभी राहते, भाडी बुडतात, फायनान्सचा हप्ता मात्र थांबत नाही. आणि शेवटी कळते की एक कप्लर नीट बसलेले नव्हते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, कोणता सेन्सर कुठे आहे आणि तो कसा तपासायचा हे ज्या मिस्त्रीला येते त्याचेच गॅरेज यापुढे टिकेल. पण ते टिकावे अशी इच्छा असेल, तर गाडीमालकांनाही तपासणीची मजुरी देण्याची सवय लावून घ्यावी लागेल.

पंपाचा जमाना गेला

जुन्या डिझेल गाडीत यंत्रच यंत्राला चालवीत असे. इंजिन पंपाला फिरवी, पंप डिझेल मोजून इंजेक्टरला देई. आपल्याकडचे जुने मिस्त्री त्याला आजही ‘मायको पंप’ म्हणतात. मायको म्हणजे १९५१ साली बंगळुरात सुरू झालेली मोटार इंडस्ट्रीज कंपनी. तिचा एक मोठा कारखाना आपल्या नाशिकला आहे आणि २००८ साली तिचे नाव बदलून बॉश झाले. त्या पंपाचे काम उस्तादाने शागीर्दाला हाताला धरून शिकवले. आवाज ऐकून टायमिंग सांगणारे आणि धुराचा रंग पाहून नोझल ओळखणारे कारागीर विदर्भातल्या गावोगावच्या गॅरेजांत तयार झाले. २००५ साली टाटांची ‘एस’ म्हणजे आपला छोटा हत्ती बाजारात आला, तेव्हा त्याचे लहानसे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिनही याच जुन्या विद्येवर दुरुस्त होत असे.

पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून सबंध देशात भारत स्टेज ४ लागू झाले. पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज ६ आले आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा, अधिक कडक टप्पा सुरू झाला. हे नियम पाळायचे तर डिझेलचा थेंब न् थेंब मोजून, ठरल्या क्षणीच सिलिंडरमध्ये गेला पाहिजे. हे काम निव्वळ यांत्रिक पंपाला जमत नाही. म्हणून गाडीत कॉम्प्युटर आला, ज्याला मिस्त्री ई.सी.एम. किंवा ई.सी.यू. म्हणतात. या कॉम्प्युटरला स्वतःला काही दिसत नाही. सेन्सर जे सांगतील तेवढेच त्याला कळते. सेन्सरने खोटे सांगितले तर तोही चुकीचा हुकूम देतो, आणि मुख्य सेन्सर गप्प झाला तर इंजिन सुरूच करीत नाही.

यात हवेच्या दृष्टीने काही वाईट झाले असे नाही. कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना स्वच्छ धुराचे मोल सांगण्याची गरज नाही. पण गाडी बदलली त्या वेगाने गॅरेज बदलले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

कोणता सेन्सर कुठे शोधायचा

प्रत्येक कंपनीची मांडणी थोडी वेगळी असते. तरीही सेन्सरची जागा मनमानीने ठरत नाही. ज्या गोष्टीची खबर हवी, त्या गोष्टीजवळच तो बसवलेला असतो. हे एक सूत्र लक्षात ठेवले तर निम्मी शोधाशोध वाचते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. डिझेल गाडीत ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेट घेते. थंडीत मदत म्हणून हीटर प्लग असतात आणि ते सिलिंडर हेडमध्ये बसवलेले असतात. म्हणून डिझेल पिकअपच्या बाबतीत ‘इग्निशन गेले’ असे म्हटले जाते तेव्हा बहुधा चावीचा स्विच, मेन रिले किंवा फ्यूज यांचा संबंध असतो. पेट्रोल आणि सी.एन.जी.वर चालणाऱ्या लहान पिकअपांत मात्र खरे इग्निशन असते. जुन्या पेट्रोल गाड्यांत एक कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर असे. आजच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर वेगळी कॉइल असते. अशा गाडीत एक सिलिंडर मिसिंग मारू लागला तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवून पाहावी. मिसिंगही तिकडे सरकली तर कॉइल खराब. मिसिंग जागच्या जागी राहिली तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहावे. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही.

आता सेन्सरकडे वळू. सर्वांत महत्त्वाचा क्रँक सेन्सर. इंजिन फिरते आहे की नाही आणि पिस्टन कुठे आहे, हे तो सांगतो. तो एक तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या फ्लायव्हीलच्या घरावर असतो, किंवा पुढे क्रँक पुलीजवळ असतो. त्याच्यासमोर दातांचे चाक असते. पुष्कळ इंजिनांत त्यावर साठ दातांची जागा असून दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की कॉम्प्युटरला क्रँकची नेमकी स्थिती कळते. हा सेन्सर गेला तर सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही. इंजिन तापले की गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर सुरू होते, अशी तक्रार आली तरी याच्याकडे आधी पाहावे.

त्याचा जोडीदार कॅम सेन्सर. तो वर, सिलिंडर हेडच्या टोकाला किंवा कॅमच्या झाकणावर असतो. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर थर्मोस्टॅटच्या घराजवळ असतो. इथे एक खाचखळगा आहे. काही गाड्यांत शेजारीशेजारी दोन सेन्सर असतात. एका वायरचा असतो तो मीटरच्या काट्यासाठी आणि दोन वायरचा असतो तो कॉम्प्युटरसाठी. काटा बरोबर दाखवतो म्हणून सेन्सर ठीक, असे समजून पुष्कळ जण फसतात. हवेच्या दाबाचा सेन्सर इनटेक मॅनिफोल्डवर असतो. हवा मोजणारा सेन्सर, ज्या गाडीत असेल त्या गाडीत, एअर फिल्टरच्या लगेच पुढे सापडतो. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी जी जाड नळी असते, तिच्या टोकाला रेल प्रेशर सेन्सर असतो. इथे सावधगिरीचा एक शब्द. चालू इंजिनात या नळीत हजार बारच्याही वर दाब असू शकतो. इंजिन चालू असताना तिचे नट ढिले करणे म्हणजे हात गमावण्याची तयारी करणे होय. पंपाच्या जमान्यात पाइप ढिला करून सिलिंडर ओळखण्याची जी रीत होती, ती इथे कायमची विसरली पाहिजे.

अ‍ॅक्सिलरेटरला आता केबल नसते. पेडलवरच सेन्सर असतो आणि त्यात दोन वेगळे सिग्नल असतात. दोन्हींचा मेळ बसला नाही तर गाडी पिकअप घेत नाही. स्पीड सेन्सर बहुधा गिअरबॉक्सवर सापडतो. पेट्रोल गाडीत सायलेन्सरच्या सुरुवातीच्या भागात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागेपुढे, ऑक्सिजन सेन्सर असतात आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या बाजूला नॉक सेन्सर. भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर धुराचे तापमान आणि फिल्टरमधला दाब मोजणारे सेन्सर आणखी वाढले आहेत.

धूळ, पाणी आणि उंदीर

सेन्सर साध्या परिस्थितीत सहसा लवकर जात नाही. पण आपला मुलूख साधा नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. रस्त्यावर कोळशाची बारीक भुकटी असते. भट्टीवरून येणाऱ्या गाडीत कळीच्या चुन्याची धूळ बसलेली असते. कळीचा चुना पाणी शोषून घेतो हे राजूरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. हीच धूळ बोनेटमध्ये जाते, पावसाचे किंवा धुलाईचे पाणी तिला लागते आणि कप्लरवर तिचा लेप बसतो. हा ओला चुना अ‍ॅल्युमिनियमला खातो. मग सेन्सर चांगला असूनही त्याची खबर कॉम्प्युटरपर्यंत पोहोचत नाही.

दुसरे कारण पाण्याचा फवारा. सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशरचे पाणी सरळ इंजिनावर मारले जाते. गाडी चकाचक होते आणि दुसऱ्या दिवशी चेक लाइट लागतो. तिसरे कारण उंदीर. धान्याच्या किंवा कापसाच्या गोदामाजवळ रात्रभर गाडी उभी राहिली की वायरिंग कुरतडली जाते. चौथे कारण म्हणजे क्रँक सेन्सरच्या चुंबकी टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस. सेन्सर काढून टोक पुसले तर पुष्कळदा तोच सेन्सर पुन्हा नीट चालतो. पाचवे कारण ढिली किंवा गंजलेली अर्थिंग. चेसिस, इंजिन आणि बॅटरी यांना जोडणारी पट्टी कुजली की एकाच वेळी चार सेन्सरांच्या तक्रारी दिसू लागतात.

याचा अर्थ असा की, आपल्या भागात सेन्सरच्या नावाने येणाऱ्या तक्रारींत सेन्सरपेक्षा त्याच्या वाटेवरची तार, कप्लर आणि अर्थ यांच्यावर आधी संशय घेतला पाहिजे. हा संशय फेडायला पैसा लागत नाही. वेळ, उजेड आणि सेन्सर नेमका कुठे आहे याची माहिती लागते.

कोड गल्ली सांगतो, घर सांगत नाही

आता पुष्कळ गॅरेजांत स्कॅनर आला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. स्टिअरिंगखाली सोळा टाचण्यांचे जे सॉकेट असते, तिथे तो जोडला की कोड दिसतो. पण स्कॅनर आल्याने निदान आले, असे समजण्याची चूक होत आहे. उदाहरणार्थ, पी ०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या नावाने येतो. त्याचा खरा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष, एवढाच आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, कप्लर, तार, दातांचे चाक आणि कॉम्प्युटरची टाचणी, हे सगळे. तसेच पी ०११८ हा कोड पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा. नुसते कप्लर काढून ठेवले तरी हा कोड येतो. कोड आला म्हणून नवा सेन्सर आणणे म्हणजे गल्लीचे नाव कळताच पहिल्या दारावर धाड घालण्यासारखे आहे.

खरी तपासणी एका ठरलेल्या क्रमाने होते. पहिल्यांदा बॅटरी. सेल्फ मारताना तिचा दाब साडेनऊ व्होल्टच्या फार खाली गेला तर पुढचे सगळे निष्कर्ष खोटे ठरतात. मग फ्यूज, मेन रिले आणि अर्थ. मग स्कॅनरवर सेल्फ मारताना आर.पी.एम. पाहावा. सेल्फ फिरतो आहे आणि आर.पी.एम. शून्यच राहतो, तर क्रँकची खबर पोहोचत नाही हे सिद्ध झाले. आर.पी.एम. दिसतो पण कॉमन रेलचा दाब चढत नाही, तर सेन्सरचा नाद सोडून डिझेल फिल्टर, हवा धरणे, पंप आणि इंजेक्टरची गळती पाहावी. पुष्कळ इंजिनांत साधारण दोनशे बारच्या आसपास दाब तयार झाल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही.

त्यानंतर मल्टिमीटर. बहुतेक सेन्सरांना कॉम्प्युटर पाच व्होल्ट देतो. कप्लर काढून, चावी चालू ठेवून ते पाच व्होल्ट येतात की नाही ते पाहावे. पाच व्होल्टची ही ओळ कधीकधी तीन-चार सेन्सरांत सामाईक असते. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर त्याच्या पापाची शिक्षा बाकीच्यांनाही होते. अशा वेळी एकेक कप्लर काढीत जावे. ज्याचे कप्लर काढताच पाच व्होल्ट परत येतात, तोच गुन्हेगार. पाण्याच्या तापमानाच्या बहुतेक सेन्सरांचा रेझिस्टन्स वीस अंशांवर दोन-अडीच हजार ओहम आणि ऐंशी अंशांवर तीनशेच्या आसपास येतो. एका भांड्यात गरम पाणी घेऊन हे कुणालाही तपासता येते. क्रँक सेन्सर दोन वायरचा असेल तर त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो. तीन वायरचा हॉल सेन्सर मात्र ओहमवर मोजू नये. त्याचा सिग्नल पाहावा.

हे सारे वाचून कुणाला वाटेल की यासाठी इंजिनिअर पाहिजे. तसे मुळीच नाही. ज्या कारागिराने नोझलची फवारणी डोळ्यांनी जोखली, त्याला मल्टिमीटरचे आकडे जड जाण्याचे कारण नाही. त्याला कुणी नीट सांगितले नाही, एवढेच.

मजुरीचा उलटा हिशेब

आता दुखणे जिथे आहे तिथे येऊ. मिस्त्री न तपासता पार्ट का बदलतो? सगळे मिस्त्री लबाड आहेत म्हणून का? आमच्या मते नाही. त्याचे खरे कारण आपल्या व्यवहाराच्या रीतीत आहे. गाडीमालक चार हजारांचा सेन्सर मुकाट्याने घेतो, कारण तो हातात दिसतो. पण मिस्त्रीने दोन तास तपासून एक कप्लर साफ केले आणि पाचशे रुपये मागितले, तर तोच मालक म्हणतो, ‘अरे, तू केलेस तरी काय? नुसती तार तर पुसलीस!’

म्हणजे जो मिस्त्री मालकाचे चार हजार वाचवतो त्याला घासाघीस सोसावी लागते, आणि जो विनाकारण चार हजार खर्च करवतो त्याला मजुरीही मिळते आणि पार्टवरचे कमिशनही. अशा बाजारात इमानदारी तोट्यात जाणार, हे उघड आहे. डॉक्टरकडे आपण तपासणीची फी देतो. औषध लिहून दिले नाही म्हणून फी परत मागत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र निदान फुकट आणि औषध महाग, असा उलटा हिशेब आपण चालवला आहे.

यात दोन्ही बाजूंनी सुधारणा हवी. मालकाने तपासणीची मजुरी वेगळी आणि आधी ठरवून द्यावी. मिस्त्रीने काय तपासले, कोणता आकडा आला आणि म्हणून काय बदलले, हे कागदावर लिहून द्यावे. काढलेला जुना पार्ट मालकाच्या हाती द्यावा. गॅरेजमध्ये सोडलेली गाडी ही मिस्त्रीच्या हातातली अमानत असते. त्या अमानतीचा हिशेब असा लेखी असेल तर संशयाला जागा राहत नाही आणि गिऱ्हाइकही दुसरीकडे जात नाही.

डुप्लिकेट पार्टचाही इथे उल्लेख केला पाहिजे. स्वस्त नकली सेन्सर काही महिन्यांत दगा देतो, किंवा पहिल्या दिवसापासूनच चुकीचा आकडा सांगतो. मग मिस्त्री चक्रावतो, कारण ‘हा तर नवाच आहे’. नव्या पार्टचीही बसवण्यापूर्वी तपासणी करणे, हा यावरचा उपाय आहे.

माहिती कुलुपात का?

मिस्त्रीने शिकावे असे म्हणताना कंपन्यांना मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. सेन्सर कुठे आहे, कोणत्या रंगाच्या तारेवर किती व्होल्ट हवेत, याची पुस्तके कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपपुरती ठेवली जातात. राजूरच्या पिकअपवाल्याला अशा वर्कशॉपसाठी गाडी टोचन लावून शहरापर्यंत न्यावी लागते आणि तिथे नंबर लावून थांबावे लागते. वॉरंटीच्या मुदतीत तिथेच जावे, हे बरोबर आहे. पण मुदत संपल्यावरही दुसरा मार्ग असू नये, हे बरोबर नाही.

हे नुसते आमचेच म्हणणे आहे असे नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून चौकशी करून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा त्यांचा दोष ठरला. त्यांत टाटा, महिंद्र आणि मारुती या पिकअप बनवणाऱ्या कंपन्याही होत्या. अडाणी हातात माहिती गेली तर सुरक्षितता धोक्यात येईल, हा कंपन्यांचा बचाव आयोगाने मानला नाही. पुढे प्रकरण अपिलात गेले. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दोष कायम ठेवला, पण दंडाची रक्कम कमी केली. इतर काही कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. दंडाचे काय झाले हा वकिलांचा विषय आहे. मिस्त्रीच्या टेबलावर वायरिंगचा नकाशा आला का, हा आपला प्रश्न आहे.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारगाड्या हेही तिचे एक क्षेत्र होते. २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी एक पोर्टलही सुरू झाले. परदेशात हा हक्क कायद्याने मिळाला आहे. युरोपात २००७ च्या नियमाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनीच मतदान करून असा कायदा आणला. आपल्याकडेही पोर्टलवर न थांबता कायद्याने सक्ती झाली पाहिजे, आणि ती माहिती मराठीतही मिळाली पाहिजे. गाडी विकण्याची जाहिरात मराठीत छापता येते, तर सेन्सरचा नकाशा मराठीत का छापता येऊ नये?

आपल्या हातात काय आहे?

सरकार आणि कंपन्या हलतील तेव्हा हलतील. तोवर हातावर हात ठेवून बसणे परवडणारे नाही. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की, मुस्लिम समाजात नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. गॅरेज हा त्यांतला एक जुना आणि मानाचा धंदा आहे. हा हुनर हातातून गेला तर त्याची भरपाई कोणतीही योजना करणार नाही.

पहिली गोष्ट, प्रत्येक गॅरेजने एक वही ठेवावी. गाडीचे मॉडेल, साल, कोणता सेन्सर कुठे सापडला, किती वायरचा होता, तारांचे रंग कोणते, चांगल्या स्थितीत आकडा किती आला, हे दर कामानंतर लिहावे. चांगली चालणारी गाडी सर्व्हिसिंगला आली की तिचे आकडे आधी टिपून ठेवावेत. चांगल्याचा आकडा माहीत असेल तरच वाईट ओळखता येते. अशी पाच वर्षांची वही महागड्या पुस्तकाच्या तोडीची ठरेल.

दुसरी गोष्ट, साधने. चांगला मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. मोबाईलवर साधे कोड दाखवणारे लहान यंत्रही फार महाग नाही, पण ते सगळ्या गाड्यांशी बोलत नाही. सर्व कंपन्यांच्या गाड्या वाचणारा मोठा स्कॅनर मात्र महाग असतो. तो एकट्याने घेण्याची गरज नाही. राजूर-वणीच्या चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून एक घ्यावा, वापराची पाळी आणि दर ठरवावा. ज्यांना कर्ज घ्यायचे आहे त्यांच्यासाठी २०१५ पासून मुद्रा योजना आहे. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांना भागीदारीचा हा मार्ग उलट अधिक सोयीचा आहे.

तिसरी गोष्ट, शिक्षण. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. गॅरेजात काम करणाऱ्या मुलांनी दहावी पूर्ण करून तिकडे जावे आणि उस्तादांनी त्यांना सवड द्यावी. मुलगा वर्गात सर्किट शिकेल, संध्याकाळी उस्तादाला सांगेल आणि उस्ताद त्याला इंजिनाचा आवाज शिकवेल. ज्यांचे शिकण्याचे वय निघून गेले, त्यांच्यासाठी आय.टी.आय.ने संध्याकाळचे आठ-पंधरा दिवसांचे वर्ग काढावेत, अशी मागणी गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन करावी.

चौथी गोष्ट गाडीमालकांसाठी. इंजिनावर प्रेशरचे पाणी मारू देऊ नका. चुन्याची खेप झाल्यावर बोनेट उघडून कोरड्या हवेने धूळ उडवून घ्या. एअर फिल्टरची मुदत पुस्तकात लिहिली आहे त्यापेक्षा लवकर धरा, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने राजूरचा रस्ता पाहिलेला नाही. आणि चेक लाइट लागल्यावर ‘अजून चालते आहे ना’ म्हणून महिनाभर फिरू नका. आज पुसून भागणारे काम उद्या पुष्कळ महाग पडते.

यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही. जुन्या पिढीने पंप आत्मसात केला, तोही एकेकाळी परका आणि अगम्यच वाटत होता. आज सेन्सरची पाळी आहे. तो कुठे बसला आहे हे शोधायचे, त्याला बदलण्याआधी तपासायचे आणि त्या तपासणीचे मोल मागायचे, एवढे मिस्त्रीने करावे. ते मोल कुरकुर न करता द्यायचे, एवढे मालकाने करावे. दोघांची रोजी एकाच गाडीत बसलेली आहे.